बाबांच्या गुडघ्यासाठी पिकअपला फूटबोर्ड

आमच्या पिकअपच्या दाराचा उंबरा जमिनीपासून ६८ सेंटिमीटरवर आहे. गाडी घेऊन तीन वर्षं झाली तरी हा आकडा मला माहीत नव्हता. हँडल धरायचं, पाय टाकायचा, वर. डाव्या गुडघ्यात नवा सांधा बसवल्यावर बाबा पहिल्यांदा गाडीपाशी आले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. उजवा पाय उचलून अंदाज घेतला, परत खाली ठेवला. "राहू दे, पुढच्या वेळी येतो," म्हणाले आणि काठी टेकत घरात गेले.

माझे बाबा ३५ वर्षं फिटर होते. अडलेलं मशीन सुटेपर्यंत जागचे न हलणारे. त्यांच्या तोंडून "राहू दे" ऐकलं आणि त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. संध्याकाळी टेप घेऊन गाडीखाली शिरले.

कुणी साइड स्टेप म्हणतं, कुणी रनिंग बोर्ड. आमच्या घरी त्याला फूटबोर्डच म्हणतात. तो मी घरीच बसवला, पत्र्याला एकही नवं भोक न पाडता. ज्यांना बसवायचाय त्यांच्या कामी यावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, जिथे चुकले तेही.

सुरुवात गाडीपासून केली नाही, बाबांच्या पायापासून केली. जिन्याची पायरी त्यांना जमत होती, ती साधारण १७-१८ सेंटिमीटरची. त्याच्या पुढे किती जमते ते बघायला आम्ही खिडकीच्या गजापाशी फळ्यांची चळत रचली आणि एकेक फळी वाढवत गेलो. २५ सेंटिमीटरला उजवा पाय वर गेला आणि त्याच्यामागून अंग सरळ उठलं. २८ ला गज ओढावा लागला. ३० ला त्यांनी मान हलवली. मी वहीत २५ लिहून त्याभोवती गोल केला.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी त्यांना एक नियम पाठ करून घेतलाय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. चढताना जो पाय वर जातो तोच अख्खं वजन उचलतो. उतरताना मागे राहिलेला पाय वजन सांभाळत अंग हळूहळू खाली सोडतो. म्हणजे दोन्ही वेळा कष्ट चांगल्या पायाला. यातून दाराचाही निकाल लागला. गाडीच्या डाव्या दारापाशी आत तोंड करून उभं राहिलं की गाडीचं नाक आपल्या डाव्या हाताला येतं. त्यामुळे नाकाकडे वळून बसताना आत पहिला जातो उजवा पाय, आणि अंगाचं वजन वर उचलतो तोच. बाबांचा उजवा चांगला, तेव्हा त्यांच्यासाठी डावं दार बरोबर. उजव्या दाराने नेमकं उलटं होतं. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला गाडीत बसवताना हे एकदा करून बघाच. एका दाराने जीव जातो आणि दुसऱ्याने तोच माणूस सहज बसतो.

मग फूटबोर्ड कोणता घ्यायचा. सगळ्यात जास्त दिसतात ते गोल पाइपवाले, ७६ मिलिमीटर जाडीचे, वर दोन ठिकाणी रबरी पट्टी. दिसायला दणकट असतात, पण गोल पाइपवर पावलाची एक रेघ तेवढी टेकते. ओला असला की तीही सरकते. आणि पाय रबरी पट्टीवरच पडायला हवा, म्हणजे दर वेळी खाली बघून पाय टाकायचा. आधीच जपून पाऊल टाकणाऱ्या माणसाला तेही सांभाळायला लावायचं हे मला पटेना. मी सपाट घेतला: ॲल्युमिनियमचा, १५ सेंटिमीटर रुंद, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सलग, वर खाचा आणि रबराच्या पट्ट्या. खोक्यावर एका बाजूची क्षमता १३६ किलो छापली होती. आकडा असा अर्धामुर्धा का याचा आधी उलगडा होईना. ३०० पौंडांचे किलो केले की १३६ होतात.

याच्या कंसांवर, म्हणजे ब्रॅकेटवर, फूटबोर्डाचा माथा ४३ सेंटिमीटरवर येत होता. तिथून उंबरा २५ सेंटिमीटर. वहीतला गोल केलेला आकडा! पण जमिनीपासून ४३ बाबांना झेपणार नव्हते. खाली लोंबणारे कंसही मिळतात, ते मी नको म्हटलं. फूटबोर्ड दोन चाकांच्या मध्ये असतो, आणि उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट आधी टेकतं ते नेमकं तिथेच. तो जेवढा खाली आणाल तेवढा आधी घासणार. म्हणून ठरवलं की १८ सेंटिमीटरची लाकडी पायरी वेगळी करायची आणि ती गाडीतच ठेवायची. १८, २५, २५. बाबांनी तिन्ही आकडे एकमेकांखाली लिहिले, बेरीज केली, ६८ आली आणि वही मिटली.

आता कंस धरतो कुठे. विकत घेण्याआधी सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवला. पिकअपला खाली शिडीसारखी चासी असते आणि तिच्यावर रबरी गोट्यांवर केबिन बसवलेली असते. खड्ड्यात गाडी पिळवटते तेव्हा चासी आणि केबिन एकमेकांपासून थोडी थोडी हलतात, ते रबर असतं त्यासाठीच. त्यामुळे फूटबोर्ड एक तर केबिनला धरावा किंवा चासीला. एक टोक इकडे आणि एक तिकडे असं केलं की दर खड्ड्याला कंसाची ओढाताण होणार, आणि काही महिन्यांत वेल्डिंगपाशी चीर किंवा पत्रा फाटलेला. आमच्या गाडीच्या दाराखालच्या पेटीत, म्हणजे उंबऱ्याखालच्या पोकळ पत्र्यात, आतल्या बाजूने, कंपनीनेच आटे पाडलेली भोकं दिलेली आहेत, प्रत्येक बाजूला तीन जागी, वर प्लास्टिकच्या टोप्या. माझे कंस त्यात बसणारे होते. वरचा बोल्ट त्या भोकात आणि खालचा पेटीच्या तळाशी, पत्र्याची दुमड असते तिच्या जवळच्या भोकात.

दोन बोल्टांमधलं हे उभं अंतर फार महत्त्वाचं. बाबांनी ते मला खडूने जमिनीवर काढून दाखवलं. समजा ७५ किलोचा माणूस फूटबोर्डाच्या कडेवर उभा आहे आणि कड बोल्टांपासून २५ सेंटिमीटर बाहेर आहे. दोन बोल्टांत वर-खाली अंतर १० सेंटिमीटर. ७५ गुणिले २५ भागिले १०, म्हणजे १८७ किलोहून जास्त ओढ एकट्या वरच्या बोल्टावर, आणि तेवढाच रेटा खालच्या बाजूला. माणूस मधोमध उभा राहिला तर ही ओढ तीन कंसांत वाटली जाते. टोकाला उभा राहिला तर बहुतेक सगळी एकावर येते. उडी मारून उतरला तर आणखी वाढते. सहा बोल्टांपैकी एखादा "नंतर आवळू" म्हणून सोडून का चालत नाही, ते मला त्या खडूच्या रेघांनी कळलं.

"भोकं पाडायचीच असती तर?" मी विचारलं. बाबा म्हणाले, त्यांच्या वेळी सरळ पाडायचे. पण आता दाराच्या उंबऱ्याखालून वायरिंगचा जाड जुडगा जातो, चासीच्या आतल्या अंगाने डिझेलची आणि ब्रेकची नळी जाते, आणि कापलेल्या पत्र्याची कड आतून गंजायला लागते जिथे आपला हात पोचत नाही. तुमच्या गाडीला तयार भोकं नसतील तर चासीला शिकंज्याने पकडणारे कंस बघा. ड्रिल अगदी शेवटी.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काम काढलं. जागा सपाट, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून ठोकळे. जॅक लावला नाही. पिकअपखाली पाठीवर झोपून हात चालवण्याइतकी जागा असते, आणि चारही चाकं जमिनीवर असलेली मला जास्त बरी वाटतात. जॅक लावायचाच असेल तर खाली घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे पक्के स्टँड, ठेवल्याशिवाय आत शिरू नका. बाबा दारात खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही, पायाशी हत्यारांची पेटी. मी मागेन ते ते द्यायचे.

पहिली चाळीस मिनिटं वाया गेली. कंसांवर ठसे होते, काहींवर डी आणि काहींवर पी. डी म्हणजे ड्रायव्हर, पी म्हणजे पॅसेंजर, असं पत्रकात स्वच्छ लिहिलेलं. मी डीचे तीन कंस उचलले आणि उजव्या बाजूला, आमच्या ड्रायव्हरच्या बाजूला, गेले. वरचं भोक जुळलं की खालचं बोटभर सरकायचं. कंस फिरवून बघितला, उलटा धरून बघितला, वाटलं दुसऱ्याच मॉडेलचे पाठवले. बाहेर येऊन पत्रक बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावला, चित्र जवळ धरलं आणि विचारलं, "यात स्टिअरिंग कुठल्या बाजूला काढलंय?" डाव्या बाजूला होतं. पत्रक डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी लिहिलेलं, कंस मात्र आमच्या गाडीचेच. डी म्हणजे डावी बाजू एवढंच समजायचं. मला आजही वाटतं की उजव्या स्टिअरिंगच्या देशात माल पाठवताना पत्रकाचा एक कागद बदलायला हवा. एखाद्याने वैतागून भोक कानशीने लांबवलं असतं आणि कंस कायमचा कमजोर झाला असता. ठशांवर डावा आणि उजवा लिहिलं की प्रश्नच मिटतो.

डाव्या बाजूला गेले. प्लास्टिकच्या टोप्या पक्कडीने ओढून काढल्या. मागच्या दोन जागा स्वच्छ होत्या. पुढची जागा चाकाच्या अगदी मागे, तिथे चिखलाचा मारा थेट बसतो. टोपी अर्धी फुटलेली, आत माती आणि काळं गंजरोधक लेपण, दोन्ही मिळून दगड झालेलं.

बोल्ट एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, १३ नंबरचा पाना. हाताने दोन फेरे गेला आणि अडला. मी सॉकेट चढवलं, दांडा थोडा दाबला. पाव फेरा फिरला आणि बारीक आवाज आला, करकर नाही, वाळू दाताखाली यावी तसा.

"थांब," बाबा खुर्चीवरून म्हणाले. मी गाडीखाली, ते सात-आठ फुटांवर, त्यांना माझा हातही दिसत नव्हता. "आणखी नको आवळू. उलटा सोड, हाताने."

सोडला. बोल्टाच्या पहिल्या तीन आट्यांत काळं लेपण आणि त्यात चंदेरी चमक होती, म्हणजे धातू खरवडायला सुरुवात झाली होती. ही भोकं म्हणजे पत्र्यात दाबून बसवलेल्या आट्यांच्या बुशी असतात. आटे गेले तर एक वेळ मोठे पाडता येतात. पण बोल्ट अडकलेला असताना जोर लावला तर अख्खी बुश पत्र्यात गरगर फिरते, आणि मग बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो. बंद पेटीत मागून पाना लावायला जागा नसते. शेवटी कापूनच काढावा लागतो.

गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास तसंच ठेवलं. मग बाबांनी हत्यारांच्या पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेला टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, काढला, एम-८, १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर), आणि टॅपची मूठ. त्यांच्या हातचा, माझ्यापेक्षा जुना असेल. "तिरका नको जाऊ देऊ. दोन बाजूंनी बघ. पुढे अर्धा फेरा, मागे पाव." पुढे जाताना टॅप कापतो, मागे येताना कापलेला चुरा तुटून खाली पडतो. मागे न आणता नुसता रेटत गेलं तर चुरा साचतो आणि टॅप आत मोडतो. टॅपचं पोलाद इतकं कडक की मोडल्यावर साध्या ड्रिलने निघत नाही. मी डोळे मिटूनच केलं, कारण खालून काही दिसत नव्हतं आणि हाताला जास्त कळत होतं. अर्धा पुढे, पाव मागे. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून ब्रशने पुसला. सातव्या-आठव्या फेऱ्याला तो एकदम हलका झाला, लोण्यात फिरावा तसा. नवा बोल्ट घेतला, नुसत्या बोटांनी फिरवला, आणि तो डोक्यापर्यंत गेला.

यानंतर मी एक केलं: दोन्ही बाजूंच्या सगळ्या भोकांतून आधी टॅप फिरवला. बारा भोकं, तासभर गेला. मन शांत झालं. यंत्राचा पाना मी कुठेही वापरला नाही. आटे चढवायला तर कधीच नाही. बोटांनी चार फेरे गेला नाही तर तो बोल्ट चुकीचा चाललाय.

कंस लागले, पण सगळे ढिले. बोल्ट शेवटपर्यंत आणि मग अर्धा फेरा मागे, कंस हाताने हलला पाहिजे इतका. इथे हात आवरायला लागतो. पहिला कंस लागला की तो पक्का करावासा वाटतो. पण एक पक्का केला की दुसऱ्याला त्याच्या मागे फरफटत जावं लागतं आणि तिसरं भोक जुळतच नाही. फूटबोर्ड ११-१२ किलोंचा. त्याखाली एका टोकाला लाकडाचा ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला माझी मांडी असं करून कंसांवर टेकवला. त्याच्या पोटात लांब खाच असते, तिच्यात चौकोनी डोक्याचे बोल्ट आधी सरकवून ठेवायचे आणि मग कंसाच्या लांबट भोकांतून खाली काढून वॉशर आणि नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे नट लावायचे. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये किटबरोबर आलेली नायलॉनची चकती घातली. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. चकती क्षुल्लक दिसते म्हणून खोक्यात विसरू नका.

आता रेषेत आणणं. पुढे आणि मागे टेप लावून पेटीपासूनचं अंतर सारखं केलं, दारं पूर्ण उघडून-मिटून बघितली, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून चाक लागत नाही ना ते पाहिलं. बाहेरून मस्त दिसत होतं. पेटीला चिकटून, सरळ, जणू गाडीबरोबरच आलेलं. आवळायला पाना उचलला आणि बाबा म्हणाले, "माझा पाय लावून बघ की आधी."

बोल्ट ढिले असताना त्यांना वर उभं करणं शक्य नव्हतं. म्हणून फूटबोर्डाखाली दोन ठोकळे घट्ट बसवले, त्यांच्या बुटाच्या तळव्याला खडू फासला, मी बाजूला घट्ट धरून उभी राहिले, आणि त्यांनी फळ्यांच्या चळतीवरून उजवा पाय फूटबोर्डवर फक्त टेकवून दाखवला, जसा सहज पडेल तसा. पाय काढला. काळ्या रबरावर पांढरा ठसा. पंजाचा पुढचा अर्धा भाग तेवढा उमटला होता, आणि बोटांच्या बाजूला ठसा फराटलेला, कारण बुटाचं टोक पेटीच्या पत्र्यावर आपटून थांबलं होतं. १५ सेंटिमीटरच्या फूटबोर्डातले जेमतेम ९ सेंटिमीटर त्यांच्या वाट्याला येत होते. बाकीचा दाराखाली लपला होता. बाहेरून मस्त दिसत होता तो त्यामुळेच.

कंसांच्या लांबट भोकांत २० मिलिमीटरची सोय होती. मी फूटबोर्ड १४ मिलिमीटर बाहेर घेतला. त्याहून जास्त घेतला असता तर तरफ लांबली असती, बोल्टांवरची ओढ वाढली असती, आणि फूटबोर्ड चाकाच्या कमानीच्या बाहेर डोकावला असता. कमानीच्या कडेवरून दोरीला नट बांधून ओळंबा सोडून बघितला, अजून बोटभर आत होता. पुन्हा खडू, पुन्हा ठसा. या वेळी पंजा पूर्ण उमटला, अंगठ्यामागची उंच गादी मधोमध. पेटी आणि फूटबोर्ड यांच्यात आता बोट जाईल एवढी फट राहिली, ती मला हवीच होती. फट नसली की चिखल तिथे अडकून बसतो आणि पेटी खालून सडते.

आणखी एक गोष्ट बाबांनी करायला लावली. बाहेरची कड तीन मिलिमीटर वर. लेव्हल लावली तर फूटबोर्ड किंचित आत झुकलेला दिसतो, पण माणूस उभा राहिला की कंस थोडा लवतो आणि सपाट होतो. मुद्दाम सपाट ठेवला असता तर पाय पडला की बाहेर उतरता झाला असता.

आवळण्याचा क्रम: आधी केबिनचे बोल्ट, मधल्या कंसापासून, मग पुढचा, मग मागचा. ते झाल्यावर फूटबोर्डाचे नट त्याच क्रमाने. एकदम नाही, दोन फेऱ्यांत. शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् वाजणारा पाना, पत्रकाप्रमाणे २५ न्यूटन-मीटर. ऐकायला कमी वाटतं. हाताला सवय नसली की एम-८ चा बोल्ट आपण सहज याच्या दुप्पट आवळतो, आणि पत्र्यातल्या बुशीचे आटे तिथेच जातात. आट्यांना ग्रीस लावलं नाही, कारण ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. गंजरोधक मेण आवळून झाल्यावर वरून फवारलं. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यापासून कंसावर पिवळ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ मारली. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते, पाना लावायला लागत नाही. एका बाजूला बारा, दोन्ही मिळून चोवीस रेघा.

डाव्या बाजूला सहा तास लागले. उजवी दीड तासात झाली.

पहिल्यांदा मी चढले. मधोमध, मग पुढच्या टोकाला, मग मागच्या, मग हलकेच दोन उड्या. माझं वजन ६२ किलो. टोकाला उभं असताना कड चार मिलिमीटर खाली गेली आणि उतरल्यावर परत जागेवर आली. आवाज काही नाही. जॅक लावायच्या जागा झाकल्या नाहीत ना तेही पाहून घेतलं, कारण पंक्चर झाल्यावर ते कळणं वाईट. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, फूटबोर्डाखाली जॅक लावायचा नाही. तो माणसासाठी आहे, दोन टन गाडीसाठी नाही.

लाकडी पायरी दुसऱ्या दिवशी केली. ४० बाय ३५ सेंटिमीटर, पाय बाहेर पसरलेले म्हणजे उलटत नाही, खाली रबर, वर खरखरीत पट्टी, आणि काठीच्या टोकाने अडकवून उचलता यावी म्हणून एक दोरीची कडी. कडीची कल्पना बाबांची. वाकायला नको.

मग ते गाडीपाशी आले. काठी माझ्याकडे दिली. उजवा हात दारावर ठेवायला निघाले होते, मी म्हटलं, "बाबा, दार नको, ते हलतं. आतलं हँडल धरा." उजवा पाय लाकडावर, डावा शेजारी. उजवा फूटबोर्डवर. तिथे एक श्वास थांबले, पायाखाली बघितलं नाही. डावा फूटबोर्डवर आला. मग उजवा आत, आणि सीटवर टेकले. मी दाराशी दोन्ही हात पुढे करून उभी होते, ते हात तसेच राहिले. बाबांनी पट्टा ओढला, लावला आणि म्हणाले, "आता चोवीस बोल्टांची यादी कर. शंभर किलोमीटरनंतर बघायचेत."

यादी त्यांनीच केली. डावा पुढचा वरचा, डावा पुढचा खालचा, असं करत चोवीस ओळी, प्रत्येकीपुढे दोन रकाने.

परवा १०८ किलोमीटर झाले. मी टॉर्च घेऊन खाली, ते खुर्चीवर. तेवीस रेघा सलग होत्या. डाव्या पुढच्या वरच्या बोल्टाची, जिथे टॅप मारला होता तिथली, रेघ केसभर सरकली होती. टॉर्क रेंच लावला, फेऱ्याचा आठवा भाग फिरला आणि टक् वाजला. आत राहिलेलं लेपण दबून बोल्ट बसला असावा. जुनी रेघ पुसली, नवी मारली आणि खालून ओरडून सांगितलं.

"आठवा भाग," बाबांनी म्हणत म्हणत लिहिलं. मग त्या ओळीपुढे त्यांनी तिसरा रकाना आखला, ५०० किलोमीटरचा.